जयाची पिवळी शिशी

नाही ताई, खेळणं नोहे ते. दिसते पिवळं-पिवळं, खुळखुळते बी — पण तुमच्या लेकराले हात नका लावू देऊ. औषधाची शिशी हाय, कपाशीवर मारतेत ते. धुतलेली हाय हो, चांगली साबणाच्या पाण्यात रातभर भिजू घातलेली — तेच तं झालं ना.

माह्या जयानं वाजवायले केली. नववीत हाय, आर्णीकडे, आमच्या गावच्याच शाळेत. गाण्याच्या नव्या मॅडम आल्या ना यंदा, केतकी मॅडम — चांगल्या हाय बाई, पोट्ट्यायले वावरात नेऊन बसवतेत, म्हणतेत डोळे मिटा अन् ऐका, कोन्तं पाखरू बोलते, काल बोलत होतं ते आज काहून चूप हाय. त्यायनंच ठरवलं, पर्यावरणाचं गाणं बसवू, अन् पेटी-तबला कायले, टाकाऊतूनच वाद्यं करू. आता आमच्याकडे टाकाऊ म्हणजे काय? वावराच्या धुऱ्यावर पडल्या राह्यतेत त्या ह्याच शिश्या. साऱ्या पोट्ट्यायनं ह्याच आणल्या. मॅडम घाबरल्या, ह्या नको म्हणे. तं हेडसर म्हणे, धुऊन घ्या, लेबलं काढा, पिवळा रंग द्या, आत दाणे-खडे भरा — दुसरं काय भेटणार इथं?

जयाचे बाबा मजुरीनं फवारतेत. मालक देते ते पंपात टाकायचं अन् पंप पाठीवर घ्यायचा, वाचत कोन बसते! अन् कपाशी यंदा डोक्याच्या वर — मारलं का सारं तोंडावरच. ही शिशी वावरातून त्यायनंच आणली. "घे वं, तुह्या बाजाले." मग जयानं गाणं म्हणून दाखवलं, हळूच, भिंतीकडे तोंड करून — लाजते लय. पाखरं आली गाण्यात, मधमाशी आली, गांडूळ बी आलं. तं हे म्हणतेत कसे, "गांडुळाचा नंबर लागला, बापाचा नाही काय वं?" हासलो आम्ही. जया म्हणे, मॅडमले इचारते, एक कडवं जोडू काय म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच ह्यायचे डोळे लाल. चक्कर येते म्हणे. मी म्हटलं, ऊन लागलं असन. हे म्हणे, तू जाय, पोरगी गाते, मी पडतो जरासा. तं गेलती मी. समोरच्याच सतरंजीवर बसली. टाळ्या वाजवल्या — सारेच वाजवत होते ना. घरी आली तं हे दारात आडवे, तोंडाले फेस.

इथं यवतमाळच्या दवाखान्यात आणलं तं डॉक्टर पहिले हेच इचारते, कोन्तं औषध? नाव सांगा, तसा इलाज करता येईन. मले काय ठावं! मालक म्हणते, दोन-तीन औषधं एकत्र केलती, दुकानात पुसा. दुकानाचं शटर बंद. मग जया म्हणे, आई, बाबा मारतेत त्याचीच शिशी हाय ना शाळेत. गेली तशीच गावाले. तं साऱ्या शिश्या पोत्यात, साऱ्या पिवळ्या, एकीवर बी नाव नाही. मॅडम रडत होत्या म्हणे. जया नाही रडली. एकेक शिशी कानाशी धरून हालवली तिनं — कोनाची हरभऱ्याची, कोनाची गिट्टीची — अन् ही काढली. तुरीची. चुकली नाही ताई. आणून डॉक्टरच्या हातात देल्ली. त्यानं अशी फिरवली, झाकण काढून वास घेतला. साबणाचा वास. मले वापस देल्ली.

लेबलाच्या जागी फुलपाखरू काढलं हाय तिनं, पाहा. चांगलं काढते.

आता आत ह्यायच्याजवळ जयाच हाय. एकालेच बसू देतेत. सकाळी हे घडीभर शुद्धीवर आलते, तोंड हाललं, म्हणे जया, गाणं म्हण. पोट्टी तोंडच उघडेना. मी म्हटलं, माह्यासमोर लाजत असन, म्हणून बाहेर येऊन बसली. लाजत नाही ते. माह्याकडे पाहतच नाही कालपासून — म्हणते, आई, बाबाले चक्कर येत होती, तुले मालूम होतं ना —

थांबा ताई. आत जया गाते काय? चूप बसा जरा. लेकराले बी चूप करा.

नाही. पंखा हाय तो.

जा तुम्ही. बस हुकन तुमची.