पहिल्यांदा बरोबर लागतो

…आणि पहिल्यांदा बरोबर लागतो हो, तीच तर पंचाईत आहे. तुम्हाला सांगते, तारिहाळला पद्मनाभअण्णांचा पंपांचा कारखाना आहे, त्यांच्या वेबसाइटवर नव्या मशीनचा व्हिडिओ टाकलाय, आणि तोच रिसेप्शनच्या टीव्हीवर दिवसभर फिरत राहायला हवा, संपला की पुन्हा, संपला की पुन्हा… एवढं जमलं तरच मला कायम करणार, असं आमच्या वेबसाइटवाल्या ऑफिसच्या श्रीकांतसरांनी सांगून ठेवलेलं.

आता त्या व्हिडिओची सुरुवात म्हणजे आयुधपूजा. मशीनला हार, पुढ्यात कोहळा, आरती घेऊन वाकलेले अण्णा, आणि कॅमेऱ्यामागून त्यांच्या मिसेस हेमावतीअक्का, “अहो, पोट आत घ्या, शूटिंग चालू आहे.” मग मशीन. अण्णा म्हणाले, “पूजा नको गं, गिऱ्हाइकं येतात, एकदम मशीनच दिसू दे.” मी कोडमध्ये लिहिलं, इथून सुरू कर. शेजारी लिहिलं, पुन्हा पुन्हा लाव. तो दोन्ही ऐकतो, पण दोन्ही मिळून ऐकत नाही. पहिल्यांदा बरोबर मशीनपासून, आणि दुसऱ्या फेरीला थेट हेमावतीअक्का.

कापून टाक म्हणाल, तर मूळ कॅसेटवर नातवाचं बारसं भरलंय. व्हिडिओ नेटवर चढवला अण्णांच्या जावयाने, पासवर्ड जावयाकडे, आणि जावयाशी सध्या बोलणं बंद. आवाज बंद करू? तर अण्णा, “मग मशीन चालतंय हे कळणार कसं?”

सरांना दाखवलं. “चलो ऐतल्ल,” सर कानडीतच खूश, “मस्त लागतोय की.” सर, दुसरी फेरी तरी बघा… तोवर सर कमरीपेठेत चहाला. हे फक्त पहिली फेरी बघणार, आणि तिकडे अण्णा येईपर्यंत कितीतरी फेऱ्या झालेल्या. फोन वाजला की मी दचकायचे, पुढे तर वाजायच्या आधीच दचकायला लागले.

“नेत्रा, मी परत वाकलोय गं.”

“अण्णा, पहिल्यांदा बरोबर लागतो.”

“पहिल्यांदा बघतो कोण? वॉचमन.”

शेवटी तारिहाळला स्वतः गेले. सोफ्यावर गिऱ्हाइकं बसलेली. फेरी संपली, हेमावतीअक्का म्हणाल्या, “पोट आत घ्या,” आणि सगळ्या सोफ्याने घेतलं. मीही घेतलं. केबिनच्या दारात अण्णा उभे होते, त्यांना तर सवयच झालेली.

घाबरून मी टीव्हीवरचं वेबसाइटचं पान पुन्हा उघडलं. आलं मशीन.

“लागला की! काय केलंस?”

“काही नाही हो, नव्याने लावला. पहिल्यांदा बरोबर…”

“मग दर वेळी पहिल्यांदाच लाव ना.”

मी म्हटलं, असं कसं, दर वेळी तिथे बसणार कोण? अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग सरांना फोन लावला. सर म्हणाले, गिऱ्हाईक खूश तर आपण खूश.

तर तुम्हाला सांगते, नोकरी कायम झाली. मल्टिमीडिया एक्झिक्युटिव्ह. आई आमच्या मळमड्डीभर सांगत फिरतेय, पोरगी कारखान्यात अधिकारी झाली म्हणून. काम फारसं नाही, इथे टीव्हीपुढे बसल्या बसल्या तुमच्याशी असं बोलायलाही मिळतं… थांबा हं, संपत आलाय.