ओंडक्याची सावली

...आणि वर मलाच म्हणतात, तुझा आवाज मोठा आहे, तूच सांग नव्या माणसांना सुरक्षितपणे काम कसं करायचं ते! आता आवाज मोठा असणं हा काय माझा गुन्हा आहे? इथे मशीनच्या घरघरीत बोलून बोलून झालाय तो मोठा, घरी मीठ मागितलं तरी बायको म्हणते ओरडता कशाला... पण ठेकेदारापुढे कोण बोलणार? म्हणून तुम्हाला सांगतो, नीट ऐका, बसा, तिथे नको, त्या थप्पीला टेकून अजिबात नको, थप्पी दिसते शांत, पण खालचा एक ओंडका जरा हलला की वरचे सगळे विचारपूस न करता खाली येतात. इकडे या, मोकळ्यावर. ऊन लागतंय? लागू द्या. उन्हाने माणूस काळा पडतो, बाकी काही होत नाही.

हे बघा, तोंडातून आलंच. "काही होत नाही." या साइटवर हे वाक्य रोज इतक्या वेळा ऐकाल की घरी जाऊन झोपेत बडबडाल. हेल्मेट घातलं नाही, काही होत नाही. साखळीची कडी झिजलीय, अजून एक खेप, काही होत नाही. चालू मशीनच्या मागून निघालात, अहो चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही हो, काही होत नाही. मी म्हणतो होत नाही होत नाही म्हणताना आपण नेमकं कुणाला समजावतो? ओंडक्याला? त्याला कुठे काय कळतंय?

तर ती समोर मशीन दिसतेय ना, पिवळी, लांब हाताची, तिच्या हाताच्या मुठीला आम्ही पंजा म्हणतो. तो हात ओंडका असा मुठीत धरतो, उचलतो, गोल फिरतो आणि ट्रकवर ठेवतो. खाली आम्ही साखळीवाले, म्हणजे ट्रकवर माल बसला की साखळ्या टाकून आवळायच्या. नियम सोपे आहेत. हात जिथवर फिरतो तिथवर कुणी उभं राहायचं नाही. ऑपरेटरने आपल्याकडे बघून मान हलवल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि ऑपरेटरने केबिन सोडायची तर आधी माल जमिनीवर टेकवायचा, इंजिन बंद करायचं, चावी खिशात घालायची, मग उतरायचं. आहे काही अवघड? माझा धाकटा पाठ करून म्हणून दाखवेल.

पण मशीन बनवणारे लोक हुशार, त्यांना आपला स्वभाव माहीत. त्यांनी काय केलं, खुर्चीखाली एक बटण ठेवलं. ऑपरेटर बसला की बटण दबतं, हात हलतो. ऑपरेटर उठला की बटण सुटतं, हात आहे तिथे कुलूपबंद. पुन्हा चालू करायचं तर चावी फिरवा, थांबा, टीं टीं ऐका, पुन्हा फिरवा. आता आमचे ऑपरेटर, त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, भला माणूस, पण त्या टीं टींचा त्यांना भारी राग. म्हणायचे, "मशीन माझी परीक्षा घेतेय काय? मी काल आलोय काय इथे?" आणि एक दिवस त्यांनी वाळूचं एक पोतं भरलं, तोंड शिवलं आणि उतरताना खुर्चीवर ठेवून दिलं. बटण खूश, मशीन खूश, उस्ताद खूश. पोत्याला आम्ही जावईबापू म्हणायला लागलो. का? एकदा खुर्चीवर बसवले की कुणी उठवायचं नाही, आणि ते स्वतःहून काही करायचे नाहीत. मी उस्तादांना म्हटलं, अहो, मशीनला वाटतंय वर माणूस आहे. ते म्हणाले, "वाटू दे की. काही होत नाही."

आता यात माझे दाजी येतात. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांना कामाला मीच आणलं, आणि आणलं त्या दिवशी ताई दारात उभी राहून मला म्हणाली, "जसे नेतोयस तसे संध्याकाळी परत आण. यांना आपलं आपलं भान नसतं." बस, एवढंच म्हणाली. ताई जास्त बोलत नाही, पण तिने एकदा बघितलं की माणूस दिवसभर सरळ चालतो. तेव्हापासून माझी साइटवर नोकरी एक आणि कामं दोन. साखळ्या आवळायच्या आणि दाजी कुठे आहेत ते बघायचं. आणि दाजी कुठे असायचे? जिथे बोर्डावर लिहिलंय उभे राहू नये, बरोबर तिथे. माणूस सोन्यासारखा हो, स्वतःच्या ताटातलं दुसऱ्याला देईल, पण डोळ्यांसमोर धोका नाचला तर म्हणेल, वा, काय छान नाचतोय.

आणि मग उन्हाळा आला. तुम्ही म्हणाल जंगलात कसलं ऊन? अहो, जंगल होतं तेव्हा सावली होती, आम्ही झाडं पाडली ती काय लोणच्यासाठी? दूरवर बघा, बुंधेच बुंधे. जेवायच्या सुट्टीत बसायचं कुठे? ट्रकखाली? त्याला मी नको म्हटलं. तर दाजींच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. या माणसाच्या डोक्यातून कल्पना निघाली की मला घाम फुटतो. म्हणाले, "उस्ताद, जाता जाता पंज्यात एक जाडसा ओंडका धरून वर ठेवा ना. छान सावली पडेल."

मला वाटलं गंमत करतायत. उस्तादांनी धरला की! सगळ्यात जाडा शोधला, वर उचलला, जावईबापूंना खुर्चीवर बसवलं, इंजिन चालू ठेवलं, कारण बंद केलं की आमच्या मशीनचा हात थकल्यासारखा हळूहळू खाली यायला लागतो, आणि खाली येऊन सगळ्यांबरोबर डबा उघडून बसले. ओंडक्याच्या बरोबर खाली. आणि बसले कशावर ठाऊक आहे? तो इशाऱ्याचा बोर्ड वाऱ्याने पडला होता ना, "उचललेल्या मालाखाली थांबू नये", त्याच्यावर. गुळगुळीत होता म्हणे, बुडाला टोचत नाही.

मी उन्हात बसायचो, एकटा. सगळे हसायचे. दाजी हाक मारायचे, "मेव्हणे, या की आत, गार आहे, काळे पडाल." आत! जणू काही घर बांधलंय. मी म्हणायचो दाजी, बाहेर या, तुमच्या डोक्यावर अख्खं झाड टांगलंय. ते वर बघायचे, ओंडका बघायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "धरलाय घट्ट. काही होत नाही." पुढे पुढे तर लाड इतके वाढले की सूर्य सरकला की उस्ताद अर्ध्या जेवणातून उठायचे, वर जायचे, ओंडका जरा बाजूला घ्यायचे, पुन्हा यायचे. सावली सरकली की ही मंडळी डब्यासकट सरकायची. मी घरी जाऊन ताईला काय सांगायचं? विचारायची, "हे दुपारी उन्हात तर नाही ना बसत?" मी म्हणायचो नाही ताई, उन्हात अजिबात नाही. खोटं कुठे होतं?

आणि मग तो दिवस. मी आपला लांब, माझ्या बुंध्यावर. घास तोंडात घालता घालता सहज केबिनकडे नजर गेली, आणि मला वाटलं जावईबापू जरा झुकलेत. वाळूचं पोतं झुकेल कसं? नीट बघितलं तर पोत्याची शिवण उसवली होती, रोज तिथे घासून घासून, आणि खालून वाळू गळत होती, बारीक, सावकाश, आणि पोतं पेंगत पेंगत उजवीकडे कलत होतं. उजवीकडे काय असतं? उजवीकडे दांडा असतो. हात फिरवायचा आणि पंजा उघडायचा दांडा.

पोतं दांड्याला टेकलं आणि तो लांब हात फिरायला लागला, इतका हळू की बघितलं नाही तर कळणार नाही. सावली सरकली. आणि तुम्हाला सांगतो, खालची मंडळी पण सरकली! डबे उचलून, पाण्याची बाटली घेऊन, सवयीने. सावली आणखी सरकली, ही आणखी सरकली. दाजी तर डोळे मिटून सरकत होते. आणि सरकता सरकता म्हणाले, "वा उस्ताद, आज अगदी वेळेवर सरकवलंत." आणि शेजारी बसलेले उस्ताद, तोंडात घास, म्हणतात, "अहो, त्यात काय एवढं."

मग उस्तादांनी चावणं थांबवलं.

मी ते थांबणं लांबून बघितलं. जन्मात विसरणार नाही. माणसाला कळतं, की आपण इथे आहोत, मग वर कोण आहे, आणि त्याला वर बघायचं असतं पण मान वर जात नाही. उस्ताद हलेनात. बाकीच्यांना पत्ता नाही. मी ओरडलो, दाजी, उठा! घरघरीत नीट काय ऐकू येणार? त्यांनी मला बघितलं आणि हात केला, या, जागा आहे. मी ओरडलो, ओंडका! ते म्हणाले, "हो हो, छान आहे." पोतं आणखी कललं. आत पळत जावं तर मीही खाली, आणि मग ताईला नवराही नाही आणि भाऊही नाही. काय करावं? दाजींना आयुष्यात एकाच गोष्टीने उठताना बघितलंय मी. जीव खाऊन ओरडलो, "दाजी, ताई आलीय!"

अहो, जे उठले! बसलेला माणूस इतक्या लांब उडी मारू शकतो हे मला माहीत नव्हतं. शर्टाचं वरचं बटण लावत, तोंड पुसत माझ्याकडे धावत सुटले, आणि दाजी का पळाले म्हणून बाकीचे पळाले, आणि सगळे पळाले म्हणून शेवटी उस्तादांचे पाय पण सुटले. आणि मागे तो पंजा उघडला. आवाज मी सांगत नाही. जमीन पायाखाली हलली, एवढंच सांगतो. धूळ बसली तेव्हा बोर्डाच्या चिरफळ्या झाल्या होत्या आणि दाजींचा डबा कागदासारखा झाला होता.

मला रडू आलं, लाज कसली त्यात, आलं. आणि दाजी इकडे तिकडे बघत मला विचारतात, "कुठंय?" मी म्हटलं कोण? "तुमची ताई." म्हटलं नाही आली, खोटं बोललो. तर माझ्यावर रागावले! "अशी थट्टा करतात का मेव्हणे? केवढा दचकलो मी." मी हात दाखवला त्या ओंडक्याकडे. त्यांनी बघितलं, मला वाटलं आता तरी... आणि म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना. काही झालं का? काही होत नाही. पण डब्याचं तिला काय सांगू?"

उस्ताद मात्र त्या दिवशी गेले ते गेले, पगारालासुद्धा आले नाहीत. ठेकेदार आला. म्हटलं आता हा पोतं फेकून देईल. त्याने पोतं हातात घेतलं, शिवण बघितली, चुकचुकला आणि म्हणाला, "शिवण कच्ची आहे." झालं. नवीन पोतं आलं, जाड गोणपाटाचं, दुहेरी टाक्यांचं. हा सुरक्षिततेचा बंदोबस्त. मी हातापाया पडलो. म्हटलं साहेब, निदान आमच्या दाजींना खाली ठेवू नका, माझ्या बहिणीला मी शब्द दिलाय. तो म्हणाला, "खाली नको? बरं. उस्तादांची खुर्ची रिकामीच आहे." आणि दाजींना शिकवून वर बसवलं!

ताईला काय आनंद झाला. म्हणाली, "भावाने माझ्या खुर्ची मिळवून दिली." आणि दाजी, सांगितलं ना, सोन्याचा माणूस, उपकार विसरत नाहीत. मेव्हण्याने आपल्यासाठी शब्द टाकला, मेव्हणा बिचारा रोज उन्हात बसतो, हे त्यांच्या मनाला लागलंय. त्यामुळे मी जिथे बसेन तिथे हल्ली जरा वेळाने ऊन कमी होतं. मी उठून पुढे जातो, तिथेही कमी होतं. ओरडून सांगून बघितलं, खुणा करून बघितल्या, ताईकडून निरोप धाडून बघितला. ती म्हणते, "करतायत प्रेमाने तर करू दे की. काही होत नाही."

तर मंडळी, नियम सांगून झाले. काही विचारायचं असेल तर... काय म्हणालात? एकदम बरं वाटतंय? गार वाटतंय? हो, मलाही वाटतंय. वर बघू नका. डबे उचला, सावकाश उठा, माझ्यामागून उन्हात चला, आणि पळू नका, पळालं की ते मागे मागे येतात. आणि चालता चालता केबिनकडे बघून सगळ्यांनी हात हलवा, हसून हलवा, कारण नाही हलवला ना, तर त्यांना वाटतं सावली पुरत नाही, आणि मग ते ओंडका अजून खाली घेतात.