नवरीचा उजवा बूट

मी, कुओ शुइमेइ, वय ७१ वर्षे, काम शेती व घरकाम, राहणार लिउशू गाव, आज पोलीस चौकीत आपण होऊन हजर राहून सांगते की,

वरील गावी मी मुलगा, सून व नात चिंगया यांच्यासह राहते. चिंगया सोळा वर्षांची असून शाळेत शिकते. माझ्या मुलाने तिचं लग्न ट्रकवाल्या पेइंच्या चोवीस वर्षांच्या मुलाशी ठरवलं आहे. माझ्या मुलाचं म्हणणं, "पंगत आत्ता उरकू, सरकारी नोंदणी वीस पूर्ण झाल्यावर करू. सगळं गाव तेच करतं." गाव तेच करतं, हे खरं आहे.

परवा चुलीपाशी चिंगया मला म्हणाली, "आजी, मला नाही जायचं. वीसच्या आत लग्न नाही, असं शाळेच्या पुस्तकात आहे. पण बाबांना सांगणार कोण?"

मी तेरा वर्षांची असताना, लग्नाचा नवा कायदा आला त्या सुमारास, चिआओताई नावाची कार्यकर्ती आमच्या गावात राहायला आली होती. आखूड केस, डोक्यावर पुरुषी टोपी. आम्ही मुली जात्याच्या खोलीत बुटांचे तळवे शिवायचो, तीही सुई घेऊन बसायची. एक तळवा होईतो त्या कायद्याचं एक कलम पाठ. तिचे टाके वाकडे यायचे. आम्ही म्हणायचो, "ताई, हा घालणारा लंगडेल हो!" ती म्हणायची, "लंगडू दे मेल्याला, तू कलम सरळ म्हण." दोऱ्याला लावायच्या मेणाचा वास आला की मला अजून ती खोली आठवते. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

आमच्यातल्या फंगशियाला सगळी कलमं पाठ होती. त्याच हिवाळ्यात तिचं जबरदस्तीने लग्न लावून तिला नेलं. त्याबद्दल मला जास्त सांगायचं नाही. ते कळल्यावर चिआओताईने सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "कायदा आपल्या दारी चालत येत नाही, पोरींनो. आपण त्याच्या दारी जायचं."

आज सकाळी वरात आली. आमच्याकडे नवरीचा एक बूट लपवतात. नवरदेवाने तो शोधून तिच्या पायात घातल्याशिवाय तिला नेत नाहीत. बूट लपवायचं काम मी मागून घेतलं. पेइंच्या माणसांनी गाद्या उलथल्या, धान्याचे रांजण उपसले. नवऱ्याच्या काकाने लोणच्याच्या बरणीतही हात घातला. सगळे हसत होते.

"आजीबाई, काहीतरी खूण सांगा की!"

"शोधा, शोधा! बायको काय फुकट मिळते?" असं मी म्हणाले. मग चहाचं पाणी आणते सांगून मागच्या दाराने निघाले आणि शेताशेताने चालत इथे आले. बूट माझ्या कोटात होता. मुहूर्त बाराच्या आतला आहे. ते अजून शोधत असतील.

सदर लाल कापडी बूट, उजव्या पायाचा, मी टेबलावर ठेवला आहे. काम झाल्यावर तो परत मिळावा. त्याचा तळवा मी शिवला आहे. सोमवारी तिला तोच घालून शाळेत जायचं आहे.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे. फक्त "चोरून आणलेला बूट" लिहिलं होतं, तिथे "लपवलेला" करून घेतलं. अंगठ्याला शाई नको, मला सही येते. चिआओताईने शिकवली.

साहेब, आता गाडी काढा. पोर एका पायाने अनवाणी बसली आहे.