पुन्हा शून्य टक्के

...आणि चौऱ्याण्णव टक्क्यांवर मेलं हो! चौऱ्याण्णव! शी! वीट आलाय नुसता! आणि थांबलं तर थांबलं, तिथून पुढे सुरू व्हावं की नाही? छे! पहिल्यापासून!

तुम्हाला सांगतो, एकोणपन्नासाव्या वर्षी नोकरी गेली, सात महिने घरी बसलो. बायको बोलायची काही नाही, पण भांडी अशी ठेवायची की मला सगळं ऐकू यायचं. शेवटी ही एक कंपनी मिळाली, वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहिणारी. साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान. म्हणतो कसा, "काका, एक आठवडा बघू तुमचं काम. जमलं तर कायम. एकच ओळ दुरुस्त करायची आहे, काटा पाच किलोच्या वर दाणकन सहा दाखवतो. आधी कोड तेवढा उतरवून घ्या."

कोड तेवढा! अहो, बारा वर्षांचा कोड! कोणी कधी स्वल्पविराम बदलला तेसुद्धा जपून ठेवलेलं! वर कुणीतरी सहलीचे फोटो टाकलेत त्यात... वजनकाट्याच्या कोडमध्ये टकलावर गॉगल लावलेला साहेबाचा बाप! सव्वीस जीबी! एका ओळीसाठी! म्हटलं असू दे, नोकरी हवी आहे ना, उतरव मुकाट्याने.

सोमवारी सव्वानऊला लावलं. चौऱ्याण्णव टक्के झाले आणि गप्पकन बंद. का? तर माझी जागा दारात, वायर पायाखालून गेलेली, आणि नेमक्या सफाईवाल्या मावशी पोछा घेऊन उभ्या. मी ओरडलो! त्या म्हणाल्या, "मी हात नाही लावला हो तुमच्या दोरीला." दोरी म्हणे! पुन्हा लावलं. पहिल्यापासून! तर संध्याकाळी सहाला ऑफिस बंद, मेन बटण बंद. पुन्हा चौऱ्याण्णव!

मंगळवारी मी वायरीवर पाय ठेवून बसलो. चार तास! पायाला मुंग्या, पाणी प्यायला उठलो नाही, मावशींना लांबूनच हाकललं... आणि चौऱ्याण्णवला गेलं!

...घ्या, घ्या, फोन घ्या तुमचा. मी थांबतो. मला थांबल्या जागेवरून पुढे सांगता येतं. त्या प्रोग्रॅमला नाही येत! झालं बोलून? हां.

बुधवारी सकाळी पुन्हा लावलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नजर काट्यावर, घड्याळाच्या हो, वजनाच्या नाही. दीड वाजला, आणि गेलं. काल पण दीड! परवा पण दीड! उठलो तो तडक आतल्या खोलीत. तिथे नेटवर्कवाला एका हाताने डबा उघडतोय आणि दुसऱ्या हाताने कोड ठेवलेलं मुख्य मशीन बंद करतोय! म्हटलं, "अहो, हे काय?" तर तोंडात घास, "रोज करतो. जेवायच्या आधी एकदा बंद करून चालू केलं की मशीन ताजंतवानं होतं."

ताजंतवानं! माझ्या तळपायाची आग मस्तकात! माझं काम साडेचार तासांचं, सव्वानऊ ते दीड सव्वाचार तास, मशीन चालू होऊन पुन्हा लावेपर्यंत पावणेदोन, तिथून सहापर्यंत पुन्हा सव्वाचार! म्हणजे हे जन्मात पुरं होणार नव्हतं! म्हटलं, "बारा वर्षांत कुणी बोललं नाही?" तर म्हणे, "बाकीच्यांनी कोड लहान होता तेव्हाच उतरवलाय हो." आणि पुन्हा घास! एक दिवस बंद करू नका म्हटलं, तर असा बघतो जसं मी त्याचा डबाच मागितला. "सवय आहे हो."

मग गुरुवारी मी डोकं चालवलं. त्याच्याच मशीनवर सगळ्या कोडचं एक गाठोडं बांधलं, एकच फाइल. एका फाइलचं बरं असतं, ती मध्येच तुटली तर तुटलेल्या जागेपासून पुढे घेता येते. त्यात दिवस गेला, शुक्रवारी लावलं. दीड वाजता बंद पडलं, चौऱ्याण्णव. श्वास रोखून पुन्हा लावलं... पंच्याण्णव! खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मावशी म्हणाल्या, "काय झालं हो?" म्हटलं, "मावशी, पंच्याण्णव झालं." त्यांना काय कळलं कोण जाणे, पण म्हणाल्या, "बरं झालं बाई." त्यांची माफी मागितली मी. मागायलाच हवी होती.

दोन वाजून पाच मिनिटांनी सगळं उतरलं. ती मेली ओळ शोधायला बसतोय तोच साहेबाचं बोलावणं. गेलो ऐटीत. गाठोड्याचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वा काका, मस्तच! पण आठवडा संपला, आणि ओळ?" म्हटलं, "ओळ... आता बघणारच होतो." तर म्हणतो, "मग हा आठवडा कसा धरायचा? सोमवारपासून पुन्हा एक आठवडा बघू."

म्हटलं, "अहो, पाच दिवस झालेत ना माझे! तिथून पुढे धरा की!" हसला. "तशी सोय नाही हो आपल्याकडे."

घरी आलो. बायको दारातच. "काय झालं? राहिली का नोकरी?"

म्हटलं, "राहिली."

"मग तोंड का असं?"

म्हटलं, "राहिली गं... पहिल्यापासून."