तीन दरवाज्यांची गाडी

हॅलो? …हॅलो, ताई? …हो, पोचले कधीच. गोदामात आहे… अगं, सगळं पत्र्याचं आहे ना, म्हणून आवाज घुमतोय. थांब, दाराशी येते… आता येतंय ऐकू? …हं, बोल.

नाही गं, बाबांची गाडी सापडली नाही अजून. …अगं ऐक ना. सगळ्या गाड्यांवर चादरी टाकल्यात. कंपनीनं करून बघितलेल्या आणि रस्त्यावर कधी न आलेल्या सगळ्या इथं आणून ठेवल्यात. एकीला काचाच नाहीत, एक तर नुसती लाकडाची, वरून रंग मारलेला. एकेक चादर उचलून बघितली मी, नाकात धूळ गेलीय नुसती. …गाडीचा फोटो आणलाय की. भिंतीवरून काढला, फ्रेमसकट. बाबांना सांगू नकोस एवढ्यात.

…माहितीय मला, एक वाजेपर्यंतच वेळ आहे. ते गाड्या चेपायचं यंत्र बाहेर येऊन उभंसुद्धा राहिलंय. ड्रायव्हर जेवतोय, त्याचं जेवण झालं की सुरू. …आणि भरभर बोल, माझी बॅटरी बारा टक्के आहे. …केला होता गं चार्ज. बटणच दाबलं नव्हतं भिंतीवरचं.

यादीत? यादीत आहे ना. अकरा नंबर, पुढे डिझायनर म्हणून बाबांचं नाव, त्याच्यापुढे शिक्का मारलाय, ‘चेपणे’. …हो, असंच लिहिलंय. सगळ्यांपुढे तेच आहे. फक्त सात नंबर म्युझियमला जाणार, तिच्यापुढे ‘ठेवणे’. मी स्टोअरकीपरला म्हटलं, पत्रात तुम्हीच लिहिलंत की घरच्यांची काही हरकत असेल तर येऊन सांगा. माझी हरकत आहे. तर म्हणाला, हरकत घ्या ना बाई, पण कोणत्या गाडीला घेताय ते दाखवा. आणि मला गाडीच दाखवता येईना. यादीत सोळा आहेत, आणि मोजल्या तर पंधरा भरतात. …मीही तेच म्हटलं, माझं गणित कच्चं. मग त्यानं मोजल्या. पंधरा. आता तो मला विचारतोय, तुमच्या वडिलांनी रिटायर होताना घरी तर नाही ना नेली. …हसू नकोस. मी आधीच वैतागलेय.

…बाबा काय करतायत? …गुडघ्याला शेक देतेयस ना? दे. आणि त्यांना काही बोलू नकोस अजून. तीस वर्षं ते माणूस ‘माझी गाडी, माझी गाडी’ करतंय. बिलाच्या मागे गाडीच्या अंगावरची तीच रेघ, वर्तमानपत्राच्या कडेला तीच रेघ, परवा डॉक्टरांच्या फायलीवर काढली. आणि मी जाऊन काय सांगू, हरवली म्हणून?

थांब हं. …कोणीतरी आजोबा आलेत. सात नंबरची चादर काढून रुमालानं पुसत बसलेत. …मगाशी बघितली ना मी ती, आपली नाही. दोन दरवाजे आहेत तिला. आपल्या फोटोत एकच आहे, लांबलचक… थांब जरा, त्यांना विचारून बघते.

…

हॅलो, आहेस ना? …अगं ताई, मला काहीच कळेनासं झालंय. ते म्हणतात, ही गाडी त्यांची. मी म्हटलं असेल, मला अकरा नंबर हवीय. तर म्हणे अकरा इकडे कुठे, पलीकडे आहे. म्हटलं पलीकडे भिंत आहे. तर म्हणे भिंतीच्या अलीकडे. …अगं ऐक तरी. मी भिंत आणि गाडी यांच्यामधून अंग चोरून आत शिरले. त्या बाजूला एकच दरवाजा आहे. …त्याच गाडीला. या बाजूला दोन आणि त्या बाजूला एक. मी दोनदा फिरून आले. एकूण तीन दरवाजे. …डोकं ठिकाणावर आहे माझं. आणि त्या बाजूला खाली चिठ्ठी चिकटवलीय, अकरा. …हो, फोटोत आहे तीच. तीच रेघ, तीच तिरकी काच, सगळं तेच.

आणि ताई… ते आजोबा कोण आहेत सांगू? पट्टीकाका. …अगं पट्टीकाका. खिशात कायम स्टीलची पट्टी असायची ते. उरलेली क्ले आणून द्यायचे बघ आपल्याला, तू हत्ती करायचीस. …हो तेच. बाबा ज्यांचं नाव काढू देत नाहीत ते. …पट्टी अजून आहे खिशात.

त्यांनीच सांगितलं मला आता. गाडी आधी क्लेमध्ये करायची असते ना, पूर्ण मापाची. तर म्हणे एक बाजू एकानं करायची, दुसरी दुसऱ्यानं. क्ले वाचते, आणि साहेबांना दोन्ही डिझाइनं एकदम बघता येतात. मधोमध आरसा उभा केला की अर्धी गाडी पूर्ण दिसते. …हो, अर्धी. आपल्या बाबांनी अर्धीच केली होती ताई. फोटो त्यांच्या बाजूनं काढलाय, मग आपल्याला कसं कळणार? …मला कशाला विचारतेस, मलाही आजच कळतंय.

साहेबांनी एक बाजू पसंत करायची होती. तर हे दोघंही जाऊन म्हणाले, माझी घ्या, नाहीतर कुठलीच नको. साहेबांनी मग कुठलीच नको केलं. साचा काढून नमुन्यापुरती फायबरची बॉडी झाली तीही तशीच, अर्धी अर्धी. त्या दिवसापासून अबोला. आणि आपल्याला सांगितलं, काकांची बदली झाली.

…अगं पण पुढचं ऐक ना. स्टोअरकीपर म्हणतो, माझ्याकडे दोन गाड्यांचे कागद आहेत. दोघांनी आपापल्या बाजूची वेगळी नोंद करून घेतली होती ना. सात ठेवायची आणि अकरा चेपायची, असा हुकूम आहे. मी म्हटलं, अहो, एकाच गाडीतली अर्धी कशी चेपणार? तर म्हणतो, कटर आहे आमच्याकडे. …खरंच म्हणाला. चेष्टा नाही, टेप घेऊन मापही घेऊन गेला बॉनेटचं.

…आहे, एक मार्ग आहे. दोघांनीही सांगायचं की सात आणि अकरा ही एकच गाडी, अर्धी याची, अर्धी त्याची. मग तो कागद दुरुस्त करून पूर्ण गाडीपुढे ‘ठेवणे’ लिहितो. काकांनी सही केलीसुद्धा. खाली पट्टी धरून, सरळ रेघेत केली. बाबांनी फोनवर सांगितलं तरी चालेल म्हणतो. …मला माहितीय ते काय म्हणतील. तू थोडक्यात सांग आणि दे त्यांना. …ताई, दे. ड्रायव्हर हात धुतोय तिकडे.

बाबा? …हो, मी. …सापडली. …चांगली आहे, धूळ बसलीय जरा. बाबा, ताईनं सांगितलं ना सगळं? …हो, इथंच आहेत ते. …नाही, मी बोलावलं नाही त्यांना. त्यांनाही पत्र गेलं होतं. …बाबा, फक्त एवढंच म्हणायचंय, की अर्धी तुमची. …पूर्ण तुमची? मग पलीकडचे दोन दरवाजे कोणाचे? …

…ते राहू दे? मग काय विचारायचंय?

…रेघ? आहे ना. हात फिरवून बघितला मी. मागच्या चाकावरून निघते, दरवाज्यावरून येते, बॉनेटवर चढते. …खोटं कशाला सांगू? …त्यांच्या बाजूचीही आहे. वेगळी आहे, पण बॉनेटवर मधोमध येऊन दोन्ही मिळतात. नख लावलं तरी सांधा लागत नाही. …मिळतात बाबा, मी बघतेय ना समोर. …तुम्ही सोडून आलात तेव्हा मिळत नव्हत्या? मग कोणी मिळवल्या? थांबा, विचारते.

…काका म्हणतात, त्यांनी. तुम्ही रागावून घरी निघून आलात ना, त्यानंतर. साचा काढायच्या आधी स्वतःची बाजू दोन सूत, म्हणजे पाव इंच, खरवडली आणि तुमच्या रेघेला आणून मिळवली. …हो, स्वतःची. तुमच्या बाजूला हात लावला नाही म्हणतात.

…बाबा, लवकर सांगा. मला रडू येतंय आणि बॅटरी दोन टक्के राहिलीय. …कोणाला? …हो, देते. काका, धरा. बाबा आहेत.

…

हॅलो? …हो, मीच. …म्हातारा झालोय रे, आवाज असाच येणार. …तू तरी कुठे तरुण राहिलायस? …दोन सूत. …तीन नाही, दोनच. पट्टीनं मोजलं होतं. …अरे, तुझीच रेघ सरळ होती, मग मी काय करणार होतो? …हं. …हं. …राहू दे आता. …स्टोअरकीपरसाहेब, इकडे या, कान लावा. बोल रे, यांना सांग. …ऐकलंत ना? ‘एकच गाडी, अर्धी माझी’ असं तो स्वतः म्हणाला. लिहून घ्या पटकन, पुन्हा म्हणायचा नाही तो. …लिहिलं रे, लिहिलं. शिक्का पण मारला. ते यंत्रवाल्याला बाजूला घ्यायला सांगतायत.

…आहेस का? स्टोअरकीपर विचारतायत, म्युझियममध्ये भिंतीला लागून उभी करणार, एकच बाजू दिसेल लोकांना. …तुझी लावतो. …माझी कशाला? …तुझीच, मी सांगतो ना. …अरे, माझे दोन दरवाजे कोण बघणार आहे? …नाही म्हणजे नाही. तुझा हट्ट काही गेला नाही बघ, तीस वर्षां… हॅलो? …हॅलो?

पोरी, बंद पडला बघ तुझा फोन. …आता तो तिकडे म्हणत असणार, मीच रागानं आपटला. …घर तेच आहे ना तुमचं अजून? चल, मी येतो तुझ्याबरोबर.