सुरंगीचं पान

यशोदा: चिठी बरी इली की वायट, तां आधी सांगा बाई.

विनोदिनी: श्वास घेऊ द्या, यशोदाबाई. कॉलेजातून थेट हा कातळाचा सडा चढून आलेय. पुण्याच्या तज्ज्ञांचं पत्र आहे, तुमच्या विहिरीतल्या दगडाबद्दल.

यशोदा: जेच्यार पान उमटलेलां, तो काळो फातर?

विनोदिनी: तोच.

यशोदा: तेच्यापायी गावान आमका केदे शिव्या घातल्यान. गोवा राज्य झालां त्या मे म्हयन्यात लोक फटाके लायत होते, नि आमी सगळो वाडो कोसभर लांबसून घागरी हाडत होतंव. पाणी दोन हातार इलेलां, तरी घोवान खणूचां थांबवल्यान.

विनोदिनी: मी विनंती केली म्हणून. तुमच्या यजमानांनी, बाबलींनी, पंधरा दिवस पहार खाली ठेवली, म्हणून तो थर मला नीट उकरता आला. कॉलेजात मला काय ऐकावं लागलं, ते मात्र तुम्हांला सांगितलं नव्हतं.

यशोदा: काय?

विनोदिनी: आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, ‘फुलं विकणारीच्या शब्दावर झाडाचं नाव लिहून पाठवलंत?’ मी नाव बदललं नाही. सुरंगीच ठेवलं.

यशोदा: आनि काय लिवतलात? सुरंगीचां पान जाड. उजवाडात धरलां की आतली बारीक जाळी दिसता. फातरार तीच होती. वीस वर्सां कळे वेचतंय, माका फसवतलो कोण?

विनोदिनी: पुण्याच्या तज्ज्ञांनी आधी तीन वेगळ्या झाडांची पानं ताडून पाहिली. एकही जुळेना. शेवटी तुम्ही दिलेली डहाळी शेजारी ठेवली. सुरंगीचंच कूळ निघालं. आज सरांनी स्वतः पत्र हातात दिलं, वर बसायला खुर्ची दिली.

यशोदा: पान कितक्या वर्सांचां?

विनोदिनी: लाखो. तेव्हा इथे सडा नव्हता, नदीकाठची दलदल होती. पान चिखलात पडलं, वर गाळ साचत गेला. ऊनपावसाने वरच्या थराचा जांभा झाला. जमीन हळूहळू उचलली गेली, नदी खाली राहिली. सुरंगी मात्र इथून हलली नाही.

यशोदा: तेवा हार कोण गुंफी?

विनोदिनी: माणूसच नव्हतं. मधमाश्या तेवढ्या असतील.

यशोदा: चैन होती तेंची.

विनोदिनी: अहवालातली एक ओळ वाचते. ‘पानाची पहिली ओळख: यशोदा बाबली परब, सुरंगीचे कळे वेचणाऱ्या, पेडणे.’

(यशोदा पदराला हात पुसते.)

यशोदा: थांबा बाई. घोव मळ्यात आसा, तेका हाक मारतंय. मगे परत वाचा. सावकाश.