चौदा महिने जिन्याने

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक. व्यासपीठावरच्या मेट्रनबाई आणि ज्येष्ठ डॉक्टर मंडळी. समोर बसलेल्या सिस्टर्स, वॉर्डबॉय, मावश्या. आणि आजचे सत्कारमूर्ती, जे अजूनही दाराशी उभे राहून येणाऱ्यांना आत घेत आहेत. बाबा, बसा आता. हे सभागृह वरखाली होत नाही.

एकतीस वर्षं त्यांनी आपली लिफ्ट चालवली. मी त्यांची मुलगी, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ते कसं ठाऊक झालं, हे मात्र मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला.

शिकाऊ डॉक्टर म्हणून माझा पहिला दिवस. लिफ्टमध्ये शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख, त्यांच्यामागे सहा जण आणि कोपऱ्यात मी, कोऱ्या पांढऱ्या कोटात. बाबांनी दार ओढलं आणि जाहीर केलं, "साहेब, ही आमची बबडी. लहानपणी हिला गोळी गिळता यायची नाही, तासभर गालात धरून बसायची. आता तुमच्या हाताखाली लोकांना गोळ्या देणार." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण लिफ्टमध्ये धरणी आणायची कुठून? संध्याकाळपर्यंत मी तिन्ही वॉर्डांत बबडी डॉक्टर झाले होते. सर हसताहेत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.

दुसऱ्या दिवसापासून मी जिना धरला. पाच मजले, चौदा महिने. तेवढाच व्यायाम, असं सांगत असे. बाबांनी घरी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला वाटे, दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्याच्या लक्षात तरी काय येणार?

मग एका दुपारी माझ्या देखरेखीखालचे एक आजोबा गेले. असं माझ्या हातून पहिल्यांदाच कुणी गेलं होतं. त्यांच्या मुलाशी बोलून मी बाहेर आले, तर पाय जिन्याकडे वळेनात. लिफ्टमध्ये शिरले. म्हटलं, आता हे विचारणार, मग समजूत घालणार. बाबांनी आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं, दार ओढलं आणि बटणांकडे बघत उभे राहिले. तळमजला आला तरी दार उघडलं नाही. पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं. मधल्या मजल्यावर कुणीतरी सारखी घंटा वाजवत होतं. मेट्रनबाई, त्या आपणच होतात. त्या खोळंब्याबद्दल आज दिलगिरी व्यक्त करते.

घरी जेवताना मी विचारलं, आज एवढे गप्प कसे?

ते म्हणाले, "वर जाणारा माणूस घाबरलेला असतो. त्याला बोलतं ठेवावं. खाली येणाऱ्याला काही विचारू नये."

"मग त्या दिवशी माझी गोळीची गोष्ट कशाला सांगितलीत?"

"तूही वरच चालली होतीस."



पुढे सफाईच्या मावशींकडून आणखी एक कळलं. जिना सकाळी आठच्या आत कोरडा हवा, तिसऱ्या वळणावरचा दिवा गेला तर त्याच दिवशी बदलायला हवा, म्हणून चौदा महिने एक माणूस त्यांच्या मागे लागला होता. जो स्वतः कधी जिना चढत नाही. मावशी, खरं ना? मान डोलावताहेत बघा.

असा बाप माझा आहे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली, याचीच आज लाज वाटते.

बोलायची संधी दिलीत, कौतुकाने ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पदरात घ्यावं. चौदा महिन्यांचा जिना मात्र बाबांनी पदरात घ्यायचा आहे. बाबा, तुमची शेवटची फेरी अजून बाकी आहे. कार्यक्रम आटोपला की मी येते. लिफ्ट गच्च भरू द्या, आणि मग मी कोण, ते सगळ्यांना सांगा.